साहेबाच्या हाताला वळण

साहेबाने आबांच्या कानफटात मारली ती भर सकाळी, शेवटच्या खळ्यावर, चार मडमा आणि दहा-बारा पिशवीवाल्यांच्या देखत. आवाज असा आला की पलीकडच्या करवंदीच्या जाळीतून तितर उडाले. आबांचं मुंडासं सुटलं आणि तेलकट वाळूवर घरंगळत बरोब्बर गलीपाशी जाऊन थांबलं. चेंडू जिथे जायला हवा होता आणि गेला नव्हता, तिथे मुंडासं गेलं. एक मडम हसली. त्या हसण्याने घात केला, असं आई पुढे जन्मभर म्हणायची. नुसती थप्पड असती तर पचली असती.

आबा म्हणजे माझे वडील. लोणावळ्यात स्टेशनापलीकडच्या माळावर साहेब लोकांचं गोल्फचं मैदान होतं, तिथे ते मुकादम. ही गोष्ट दुसरी लढाई सुरू व्हायच्या आधीची. तेव्हा माझं नुकतंच लग्न झालं होतं आणि त्याच मैदानावर मी साहेबांच्या काठ्यांची पिशवी वाहायचो. ज्यांनी हा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. लांबून काठीने चेंडू हाणत हाणत आणायचा आणि शेवटी एका सपाट जागेवर घेऊन जमिनीतल्या छोट्या खळगीत, म्हणजे गलीत, ढकलायचा. विलायतेत म्हणे ही सपाट जागा हिरवळीची असते. आमच्या माळावर दिवाळीनंतर हिरवा राहायचा तो फक्त निवडुंग. म्हणून मुरूम ठोकायचा, वर वाळू पसरायची, तिच्यावर इंजिनांचं जळकं तेल ओतायचं आणि गोणपाट ओढून सगळं सारखं करायचं. भाताच्या खळ्यासारखं दिसायचं, म्हणून आम्ही त्याला खळंच म्हणत असू. माळावरची सगळी खळी आबांच्या हाताखाली. त्यांवर खडा दिसला तर तो आपल्याच डोळ्यात गेल्यासारखे आबा कळवळायचे.

आणि साहेबाने त्यांना मारलं ते खळ्यावर खडा होता म्हणून. खडा नव्हता. साहेबाचा हात थरथरला होता. हे मला ठाऊक होतं, कारण मी त्याचीच पिशवी वाहत होतो. साहेबालाही ठाऊक होतं, म्हणूनच थप्पड एवढ्या जोरात बसली.

आबांनी मुंडासं उचललं, झटकलं, पण डोक्याला बांधलं नाही. घरी आल्यावर ते आईच्या हातात दिलं आणि म्हणाले, "ठिवून दे. त्येची त्येला परत केल्याबिगर डोक्यावर चढायचं न्हाई."

आमच्या मावळात बाप्या माणूस बोडक्या डोक्याने हिंडला तर घरात कोणी गेलंय असं समजतात. दुसऱ्या दिवशी बाजारात आबांना जो तो हटकायला लागला.

"आबा, कोन गेलं वो?"

"अजून न्हाई गेलं कुनी," आबा म्हणायचे, आणि पुढे चालू लागायचे.

याचा अर्थ मला कळायचा. आबा तालमीतले. त्यांचा तळहात म्हणजे सुपारीच्या झाडाची सोललेली साल. असा माणूस साहेबाला चार लोकांत मारणार, मग पोलीस येणार, मग आबा येरवड्याला, नाहीतर त्याच्याही पुढे. मी रोज साहेबाची पिशवी घेऊन चालायचो आणि मनात म्हणायचो, देवा, या माणसाची बदली कर. देवाने बदली केली नाही. त्याने जे केलं ते पुढे सांगतो.

त्याआधी माझ्या डाव्या हाताचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

मी जन्माचा डावखुरा. आमच्या घरात हा रोग मानला जायचा, आणि खरजेसारखा उपायाने जाणारा. पहिला उपाय चापटी. दुसरा उपाय निरगुडीची छडी. मी डाव्या हाताने दगड मारायचो, डाव्याने पाणी प्यायचो, एकदा तर शेजारच्या वास्तुशांतीला भर पंगतीत डाव्याने वरणभात कालवला. त्या दिवशी आबांनी माझा डावा हात काथ्याने करगोट्याला बांधला. तो पावसाळाभर बांधलेलाच होता. सोडल्यावर तो पुन्हा आपला आधी पुढे यायचा, लाडक्या कुत्र्यासारखा. मग एकदा आबांनी चुलीतलं उलथनं काढून मनगटाच्या वर टेकवलं. चामडी चरचरली, तो वास मला अजून भाकरी करपली की येतो. आई पाठ फिरवून उभी होती. आबा दुष्ट नव्हते. त्यांनी कितीतरी गोऱ्हे जुवाला शिकवले होते, आणि गोऱ्ह्याला जे लागू पडतं ते पोराला का पडू नये, असा त्यांचा सरळ हिशेब. गोऱ्हे शिकले. मीही शिकलो. तेव्हापासून मी उजव्या हाताने जेवतो, उजव्याने नमस्कार करतो आणि उजव्याने दाढी करताना स्वतःला कापून घेतो. आबांचा हात नुसता डोकं खाजवायला वर गेला तरी माझा डावा हात आपोआप पाठीमागे जायचा आणि डोळे मिटायचे. मिसरूड फुटलं, लग्न झालं, तरी जायचा. बायको म्हणायची, "अवं, मामंजी पागोटं बांधत्यात. तुमी का मेल्यागत करताय?"

तर साहेब. घाटात सुरुंग लावून खडक फोडणाऱ्या कामावरचा हा मोठा साहेब. सुरुंगांच्या संगतीत राहून त्याचाही स्वभाव तसाच झाला होता. लांबचे फटके तो असे मारायचा की चेंडू नागफणीच्या सुळक्याला जाऊन आदळेल असं वाटावं. पण खळ्यावर आला, गल दोन हातांवर दिसली, की त्याच्या उजव्या हातात काहीतरी शिरायचं. हात एकदम हिसका द्यायचा आणि चेंडू गलीला वळसा घालून पलीकडे. मग काठी मोडायची. शेवटच्या ढकलणीची ही हलकी काठी, हिला ते लोक पटर म्हणत. त्या हिवाळ्यात साहेबाने अशा किती पटर मोडल्या याची गणती नाही. एक गुडघ्यावर मोडली आणि आठवडाभर लंगडला. एक भिरकावली ती चरणाऱ्या बैलाच्या डोळ्याला लागली; बैल मैदानात उधळला, आणि त्याने एका जाड साहेबाला निवडुंगात घातलं. एक माझ्या बरगडीवर मोडली. ती मला मोडायला अवघड काठी वाटली होती, पण नाही.

शिमग्याच्या आधी साहेबांची कपाची मॅच असायची. मागच्या साली हा शेवटच्या खळ्यावर हरला होता, तेही एका दवाखान्यातल्या डॉक्टर साहेबाकडून, जो मारायच्या आधी चेंडूशी बोलायचा. या साली हरला तर तोंड दाखवायला जागा नाही, असं झालं होतं. आबांना थप्पड बसली ती या भीतीची.

एका संध्याकाळी सगळे गेल्यावर मी खळं सारखं करत होतो. गोणपाट ओढून झालं. एक टाकलेली पटर आणि एक चेंडू पडलेला दिसला. आजूबाजूला कोणी नव्हतं. मी पटर उचलली, आणि माझ्या नकळत ती डाव्या हाताने उचलली. उलट्या बाजूला उभा राहिलो, तोंड नेमकं साहेब लोकांच्या विरुद्ध, आणि चेंडू ढकलला. गेला. परत ढकलला. गेला. काय सांगू, इतक्या वर्षांनी तुरुंगातून सुटून आलेला भाऊ भेटावा तसं मला झालं. मी हसायलाच लागलो.

"फिर करो."

मागे साहेब उभा होता. माझा डावा हात तत्काळ पाठीमागे गेला आणि डोळे मिटले. पण काही बसलं नाही. डोळे उघडले तर साहेब माझ्याकडे नव्हे, गलीकडे पाहत होता. त्याने माझ्या हातून पटर घेतली. दोन्हीकडून सपाट तोंडाची होती, उलटी धरली तरी चालणारी. तो माझ्यासारखा उलट्या बाजूला उभा राहिला. इतकी वर्षं त्याचं तोंड लोहगडाकडे असायचं, ते आता नागफणीकडे झालं. ढकलला. गेला. पुन्हा. गेला. साहेबाच्या चेहऱ्यावर लहान मुलासारखं काहीतरी आलं आणि मला वाटलं, सुटलो. हा आता जिंकणार, खूश होणार, आबांची माफी मागणार, आबा मुंडासं बांधणार.

पण चौथ्या-पाचव्या दिवशी उजवा हात परत आला. बाजू बदलली तरी पटरवर उजवा हात असतोच, खाली नसेल तर वर. तो वरून दाबायचा, हिसकायचा. साहेबाने त्याला शिव्या दिल्या, चावे घेतले, एकदा तर त्याच्यावर दगड मारला. मग हाशहुश करत माझ्याकडे वळला. माझ्या मनगटाचा डाग त्याने पाहिला होता. एक हात गप्प कसा केलास, असं त्याने आपल्या मोडक्या हिंदुस्तानीत विचारलं.

शहाण्या माणसाने म्हटलं असतं, देवाची कृपा. मी म्हटलं, "बाप ने मार मार के."

साहेब विचारात पडला. मग त्याचा चेहरा उजळला. त्याने सांगितलं की विलायतेत त्याच्या शाळेतही असंच होतं. त्याला येतं ते सगळं वेताच्या छडीनेच आत गेलंय. आणि म्हणाला, "तेरे बाप को बुलाओ."

घरी हे सांगितलं तेव्हा आई भाकऱ्या थापत होती. तिचा हात तसाच राहिला.

"म्हंजी?" बायको म्हणाली. "साहेब सोताहून मार खायाला बोलवतुया?"

"उजव्या हातावर," मी म्हटलं. "फक्त उजव्या हातावर."

"येडा झालाय मेला," आई म्हणाली. "आन् तू त्याहून येडा. घरात इस्तू हाय तर तितं रॉकेल घिऊन चाल्लाय." मग आबांकडे वळून, "अवं, जाऊ नका. पाया पडते. तुमचा हात एकदा सुटला तर तुमच्यानं थांबंल व्हय?"

आबांनी भाकरी संपवली, पाणी प्याले, उठून ओढ्याकडे गेले आणि निरगुडीची एक छडी तोडून आणली. तिची साल त्यांनी कोयत्याने अशी निगुतीने काढली की माझी दातखीळ बसायची वेळ आली. ती छडी मला ओळखीची होती. म्हणजे तीच नव्हे, तिची आजी.

शिकवणी सुरू झाली ती सकाळी, कोणी यायच्या आधी, औजारांच्या खोलीमागच्या खळ्यावर. मी चेंडू उचलायला आणि राखणीला. साहेब उलट्या बाजूला उभा. आबा समोर, बोडक्या डोक्याने, छडी घेऊन. पहिला चेंडू. उजव्या हाताने हिसका दिला. आबांनी छडी वर केली आणि हळूच टेकवली, देवाला फूल वाहावं तशी.

"जोर से!" साहेब ओरडला.

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मग छडी अशी आली की हवाच फाटली. साहेब किंचाळला, दोन्ही पायांवर उड्या मारल्या, इंग्रजीत काय काय म्हणाला, आणि लाल डोळ्यांनी परत चेंडूपाशी उभा राहिला. "फिर."

असं रोज. हिसका दिला की सटक. चार बोटांच्या मागची कातडी आधी लाल, मग निळी, मग फुटली. साहेब कचेरीत हातमोजे घालून जाऊ लागला. एकदा छडी नखावर बसली, नख काळं पडून गळलं. साहेब डोळ्यांत पाणी आणून पुन्हा उभाच. मी तर दर फटक्याला डोळे मिटायचो. मला वाटायचं, हा फटका शेवटचा, यानंतर आबा छडी टाकून हात उचलणार. पण आबांनी हुकमापेक्षा एक फटका जास्त मारला नाही की एक कमी. मातीचं ढेकूळ फोडावं तितक्या थंडपणाने मारायचे आणि छडी पुसून ठेवायचे.

आणि खरं सांगायचं तर हात गप्प झाला. निदान आम्हा तिघांना तसं वाटलं. नुसती छडी वर झाली तरी साहेबाचा उजवा हात ढिला पडायचा, कधी तर पटर सोडून मागेच जायचा. साहेब म्हणायचा, "अच्छा! डरता है!" आपल्याच हाताला भ्यायला लावलं, याचा त्याला केवढा आनंद.

मला आशा वाटायला लागली. एका संध्याकाळी अंगणात आबांच्या तळपायाला तेल चोळता चोळता मी धीर केला.

"आबा, आता फिटलं की. एकीच्या बदल्यात किती दिल्या तुमी."

"कुटं दिली?" आबा म्हणाले.

"रोज देताय की छड्या."

"त्यानं सांगितलं म्हून मारल्या. सांगून मारलं ते काम. त्येचा पगार मिळतुया." आबांनी पाय ओढून घेतला. "माजी बाकी हाय. धा लोकांत घेतली, धा लोकांत द्यायची. मॅचच्या दिशी समदी आसत्यात. त्या दिशी."

"आन् मग पोलीस?"

"यिऊ दे."

"आन् आमी?"

आबा म्हणाले, "तुजं लगीन झालंय."

म्हणजे त्यांनी सगळा विचार केला होता. मी हे आईला सांगितलं नाही. बायकोला सांगितलं, म्हणजे पाच मिनिटांत आईला कळलंच. घरात तीन दिवस चूल पेटली पण कोणी धड जेवलं नाही. आई म्हणाली, मॅचच्या दिवशी आबांना खोलीत कोंडू. बायको म्हणाली, कोंडलं तर मामंजी कूडच घेऊन बाहेर येतील. शेवटी शहाणपण माझ्यावर सोपवण्यात आलं. मी साहेबाकडे गेलो. म्हटलं, साहेब, बापाला ताप आहे, मॅचच्या दिवशी सुट्टी द्या.

साहेब म्हणाला, मेला असला तरी आण. आबा समोर उभे असले की हात भितो, तेव्हा प्रत्येक खळ्यावर, छडी न घेता, त्याला दिसेल असे त्यांनी उभे राहायला हवेत.

अशी माझी मुत्सद्देगिरी. आबा कदाचित लांब राहिले असते, त्यांना मी साहेबापासून दोन हातांवर आणून उभं केलं.

मॅचच्या दिवशी माळावर तंबू, खुर्च्या, लिंबूपाणी, मडमांच्या छत्र्या. ऊन असं की जळक्या तेलाचा वास डोक्यात चढत होता. साहेब आणि तोच चेंडूशी बोलणारा डॉक्टर साहेब, अशी जोडी. साहेब पहिल्या खळ्यावर उलट्या बाजूला उभा राहिला तेव्हा लोक हसले. चेंडू गलीत गेला तेव्हा हसायचे थांबले. दुसऱ्यावर गेला. तिसऱ्यावर गेला. आबा प्रत्येक खळ्याच्या कडेला उभे, हात बाजूला सोडलेले, तोंडावर काही नाही. मी पिशवी घेऊन मुद्दाम त्यांच्या आणि साहेबाच्या मधोमध राहत होतो. साहेब मला ढकलून बाजूला करायचा, कारण मी आबांना झाकत होतो. मी पुन्हा मध्ये. एकदा त्याने माझ्या पोटरीवर लाथ घातली. मी पुन्हा मध्ये, पण जरा लांबून.

शेवटचं खळं आलं तेव्हा दोघे बरोबरीला होते. डॉक्टरचं झालं. आता साहेबाचा चेंडू गलीपासून दीड हातावर. हा गेला की कप त्याचा. सगळे गोळा झाले. मी आबांकडे पाहिलं. त्यांनी पाय रोवले होते, कुस्तीला उतरताना रोवतात तसे. मला कळलं, चेंडू जावो न जावो, यानंतर आबा पुढे येणार. मी मनात देवीला बोकड बोललो. मग दोन बोललो.

साहेब उलट्या बाजूला उभा राहिला. पटर मागे गेली. उतरतं ऊन नेमकं आबांच्या डोळ्यांवर होतं. डोक्यावर मुंडासं असतं तर त्याची सावली पडली असती. नव्हतं; म्हणून आबांनी डोळ्यांवर हात धरायला उजवा हात वर केला.

साहेबाने डोळ्याच्या कोपऱ्यातून तो हात वर जाताना पाहिला. पटर अर्ध्यात असताना त्याचा उजवा हात सुटला आणि मागे पळाला. चेंडू गलीच्या काठाला चाटून पुढे गेला, उतारावर लागला आणि कडेच्या गवतात जाऊन बसला.

कुठेतरी खुर्ची करकरली. मग साहेबाच्या घशातून एक आवाज निघाला, डुकराला बरची लागल्यावर निघतो तसा, आणि तो दोन ढांगांत आबांवर गेला. पटर डोक्यावर येत होती, आबांनी मान बाजूला घेतली, म्हणून ती खांद्यावर बसली. काटक्या मोडाव्या तसा आवाज आला. आधी वाटलं काठी मोडली. काठी शाबूत होती, आबांचं गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. साहेबाने परत उगारली आणि पाठीत घातली. मी धावलो. म्हणजे धावायला गेलो. पिशवीचा पट्टा पायात अडकला आणि मी तोंडावर, तेलात. ही माझी शूरता. पुढचं सगळं मी जमिनीवरून, डोळ्यांत तेल गेलेल्या अवस्थेत पाहिलं.

आबा उभे राहिले. उजवा हात लोंबत होता. त्यांनी डावा उगारला. मी जन्मात त्यांना कोणावर डावा उगारताना पाहिलं नव्हतं. तळहात उघडा, खांद्याच्या वर, पूर्ण ताणलेला. साहेबाचं तोंड समोर. धा लोकच काय, शंभर लोक पाहत होते.

आणि साहेबाच्या हातून पटर गळाली. त्याचा उजवा हात पाठीमागे गेला, मान खांद्यात गेली आणि त्याने डोळे गच्च मिटले. एवढा धिप्पाड माणूस, तोंड वाकडं करून, मार बसायची वाट बघत उभा राहिला.

आबांचा हात तसाच वर. साहेबाचे डोळे तसेच मिटलेले. आबांनी त्याच्याकडे पाहिलं. मग मान वळवून माझ्याकडे, तेलात पडलेल्याकडे पाहिलं. मी आधार घ्यायला डावा हात टेकला होता, आणि त्यांनी पाहताच तो माझ्या नकळत पोटाखाली गेला. ते आबांनी पाहिलं. पुन्हा साहेबाकडे पाहिलं. किती वेळ गेला कोण जाणे. डॉक्टर साहेब पोचेपर्यंतचा, एवढं खरं. मग आबांनी हात खाली आणला. हळूहळू, ओझं उतरवावं तसा. आणि मटकन खळ्याच्या कडेला बसले.

या वेळी कोणी हसलं नाही. ते साहेबाला फार लागलं. त्याने डोळे उघडले, सगळे आपल्या पाठीमागे नेलेल्या हाताकडे पाहताहेत हे पाहिलं, आणि खाली पडलेली टोपीही न उचलता बंगल्याकडे चालता झाला.

डॉक्टर साहेबाने माझा पटका फाडून आबांचा हात छातीशी बांधला. पोलिसांत कोणी गेलं नाही. गेलं असतं तर रोज सकाळी निरगुडीची छडी कोणी मागितली होती, ते बाहेर आलं असतं. दुसऱ्या दिवशी निरोप आला: आबांचं आणि माझं काम बंद, खोल्या रिकाम्या करा. आईने भांडी बांधली. निघताना तिने ते मुंडासं काढलं आणि न विचारता आबांच्या डोक्याला गुंडाळलं. वेडंवाकडं बसलं. आबांनी राहू दिलं.

आमचं मूळ गाव आंदर मावळात. कान्हे स्टेशनापर्यंत गाडीने आणि पुढे टाकवे गावावरून पायी. आबा पुढे, त्यांच्या मागे आई, मग डोक्यावर बोचकी घेतलेली आम्ही दोघं. दर पावलाला हाड आत घासत असणार, कारण आबांच्या मानेवरून घाम ओघळत होता. पण थांबले नाहीत. डोंगरउतारावर जागोजाग धूर निघत होता. भाताची रोपं टाकायच्या आधी पालापाचोळा पसरून जमीन भाजतात, त्या राबांचा धूर.

आईला राहवलं नाही. "बरं केलंत," ती म्हणाली. "न्हाई मारलंत ते."

"त्येनं डोळं मिटलं हुतं," आबा म्हणाले. बऱ्याच अंतराने पुन्हा म्हणाले, "मिटल्या डोळ्याच्याला काय मारायचं."

एवढ्याने माझं समाधान होईना. साहेब अजून लोणावळ्यातच होता आणि आबांचं हाड आज ना उद्या जुळणारच होतं. नदी ओलांडून ते सावलीला टेकले तेव्हा मी त्यांना पाणी दिलं आणि विचारलं, "आबा, हात बरा झाल्यावर?"

"झाल्यावर काय?"

"न्हाई, म्हंजी... लोनावळ्याला..."

आबांनी तांब्या खाली ठेवला आणि समोरच्या उतारावर पाहिलं. कोणाचा तरी राब पेटत होता.

"लोकांचं राब भाजून हुत आलं," ते म्हणाले. "आपला तसाच पडलाय. हात जुळंस्तवर थांबलो तर वळीव गाठंल. उद्या तू आन् सूनबाई पाला वडा, मी बांधावर बसून सांगतो." मग माझ्या तोंडाकडे पाहून एकदम खेकसले, "आन् तू रे कशाला रडतुयास? हाड माजं मोडलंय!"

मी रडत नव्हतो, धूर डोळ्यांत गेला होता असं सांगणार होतो. पण बायको शेजारीच उभी होती, तिने पाहिलं होतं. म्हणून मी बोचकं उचललं आणि चालायला लागलो.